माणसे, प्राणी की कागदपत्रे

विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून तिसऱ्या दाराआड नैतिकता राहते. म्हणजे दारावर तशी पाटीच आहे, 'संशोधन नैतिकता समिती, कार्यालय', आणि तिच्याखाली भेटण्याची वेळ दिली आहे, अकरा ते एक. एकनंतर ज्याला नैतिक व्हायचं असेल त्यानं दुसऱ्या दिवशी यावं.

आत दोन टेबलं, तीन कपाटं, उजव्या कुशीत थोपटल्याशिवाय कागद न ओढणारा एक प्रिंटर आणि हेडक्लार्क. हेडक्लार्कांचं खरं नाव पगारपत्रकात असेल. बाकी सगळं विद्यापीठ त्यांना 'परिशिष्ट' म्हणतं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत हातात आलेला प्रत्येक अर्ज त्यांनी शेवटच्या पानापासून उघडला आणि पहिला प्रश्न एकच विचारला, "परिशिष्ट कुठंय?" जगभर भाषणं देत फिरणारे शास्त्रज्ञ या प्रश्नासमोर खिसे चाचपताना लोकांनी पाहिलेत.

परिशिष्टांच्या खिशाला तीन पेनं असतात. निळं लिहायला, लाल खोडायला आणि हिरवं इतरांना उसनं द्यायला. हिरवं उमटत नाही, त्यामुळे ते नेहमी परत येतं.

समितीच्या अर्जाचा नमुना त्यांनीच तयार केलेला. पहिल्या पानावर तीन चौकोन: माणसे, प्राणी, कागदपत्रे. तुमचं संशोधन ज्याच्यावर, त्या चौकोनात खूण करायची. माणसांवर खूण झाली की अर्ज पूर्ण समितीपुढे जायचा, आणि संमतीपत्रं, साक्षीदार, सह्या असा सगळा संसार सुरू व्हायचा. प्राण्यांवर खूण झाली की अर्ज अध्यक्षबाईंकडे. अध्यक्षबाईंचं आयुष्य प्रयोगशाळेतल्या उंदरांबरोबर गेलेलं. त्या उंदरांच्या झोपेची चौकशी करायच्या आणि अर्जदाराला झोप लागू द्यायच्या नाहीत. पण कागदपत्रांवर खूण झाली, की अर्ज समितीकडे जातच नसे. परिशिष्ट पानं तपासायचे, प्रती बघायचे आणि आपल्या हातानं शिक्का मारायचे: 'तपासणीतून सूट'. जुनी वर्तमानपत्रं, जनगणनेचे तक्ते, नगरपालिकेचे ठराव. कागदाला काय दुखतंय?

हा शिक्का त्यांचा भारी लाडका होता. तो ते आधी तोंडासमोर धरून 'हा' असा श्वास सोडत, मग उजवा खांदा किंचित मागे नेत आणि मगच हाणत. शेजारच्या खोलीतल्या बाईंच्या कपातला चहा हलायचा.

आणखी एक फॉर्म त्यांनी मोठ्या हौसेनं बनवला होता, 'हितसंबंध घोषणापत्र'. समितीतल्या किंवा कार्यालयातल्या कुणाचा एखाद्या अर्जाशी घरचा, दारचा, मनाचा काही संबंध असेल, तर त्यानं तसं लिहून द्यावं आणि चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जावं. नऊ वर्षांत तो एकदाही कुणी भरला नव्हता. त्याच्या गठ्ठ्यावर सध्या एक कुंडी उभी होती.

आता परिशिष्टांच्या मनाचा संबंध कुणाशी असेल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण होता. आणि तो एका लिफ्टशी होता.

बारा वर्षांपूर्वी टीव्हीवर एक मालिका लागायची. तिचा नायक लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. दर भागात एका इमारतीत लिफ्ट अडकायची, आत कुणीतरी अडकलेलं असायचं, आणि मेकॅनिक वरून तारा सोडवता सोडवता फटीतून आतल्या माणसाशी बोलायचा. लिफ्ट सुटेपर्यंत माणूसही थोडाफार सुटलेला असायचा. त्रेचाळिसाव्या भागात मेकॅनिक स्वतःच अडकला, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, आणि नेमकी तिथे वाहिनीनं मालिका बंद केली. 'पुढील भागात पाहा' असं लिहून. तो पुढचा भाग आजतागायत आलेला नाही.

ज्यांना हे सहन झालं नाही अशा तीनेकशे माणसांचा इंटरनेटवर एक अड्डा होता. नाव 'अडकलेले'. तिथे खरं नाव कुणी सांगत नसे. परिशिष्ट तिथे 'तिपाई' होते. मालिकेतला मेकॅनिक एका तिपाईवर उभा राहून काम करायचा, तिच्यावरून घेतलेलं नाव. तिपाईनं आतापर्यंत चव्वेचाळिसावा भाग एकसष्ट प्रकारांनी लिहिला होता, आणि सगळे प्रकार कार्यालयीन भाषेत. 'मेकॅनिकने उपरोक्त बटण दाबले. लिफ्ट हलली नाही. सबब त्याने अश्रू ढाळले.' अड्ड्यावरची माणसं हे वाचून खरोखर रडायची. लेखक म्हणून यापेक्षा जास्त काय हवं?

अड्ड्याचा एक रिवाज होता. नवीन माणूस आला की तिपाई त्याचं स्वागत करी आणि विचारी, 'मजला सांगा.' म्हणजे तुमचं स्वतःचं कुठे अडकलंय ते सांगा. काही जण थट्टेत सांगायचे. पण बरेचसे एखाद दिवस गप्प राहून मग खरं लिहायचे. जे घरी सांगता येत नाही ते. तिपाई सगळ्यांना एकच भरवसा देई: 'निर्धास्त लिहावे. येथे आपल्याखेरीज कोणी येत नाही.'

तसं बघायला गेलं तर कुणीही येऊ शकत होतं. जागा जुनी, तिला ना कुलूप ना कडी. पण बारा वर्षांत बाहेरचं कुणी फिरकलं नव्हतं, आणि जिथे कुणी फिरकत नाही तिथे माणसं दार लावायचं विसरतात.

दोन वर्षांपूर्वी 'थर्मास' नावाची एक सदस्य आली. एका शाळेत गाणं शिकवणारी. मजला विचारल्यावर चार दिवस काहीच बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं लिहिलं, 'डाव्या कानानं साथ सोडली आहे. म्हणून मी मुलींना नेहमी माझ्या उजवीकडे बसवते, आणि त्यांना वाटतं तो मान आहे.' शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं. ज्या बहिणीबरोबर ती राहायची तिलाही नाही. गाणं शिकवणाऱ्या बाईला एका कानानं ऐकू येत नाही हे कळलं तर शाळा काय करेल, हे तिनं लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती.

तिपाईनं उत्तर दिलं होतं, 'आपला मजला नोंदवून घेतला आहे. तो येथेच राहील.'

एका मंगळवारी साडेअकराला परिशिष्टांच्या पुढ्यात एक फाईल आली. अर्जदार समाजशास्त्र विभागातली तरुण प्राध्यापिका. खूण कागदपत्रांवर. पानं बरोबर, प्रती तीन, सही निळ्या शाईत. परिशिष्टांना मुलगी एकदम आवडली. त्यांनी शिक्क्यावर 'हा' केलं, खांदा मागे नेला आणि सवयीनं डाव्या हातानं परिशिष्ट ब उघडलं. त्यात नमुन्यादाखल दहा-बारा उतारे होते. सदस्य १७: 'डाव्या कानानं साथ सोडली आहे. म्हणून मी मुलींना...'

शिक्का हवेत राहिला. शेजारच्या खोलीतला चहा त्या दिवशी हलला नाही.

त्यांनी शिक्का हळूच खाली ठेवला आणि फाईल पहिल्या पानापासून वाचली. नोकरीत पहिल्यांदाच. विषय होता, 'बंद पडलेल्या मालिकेच्या चाहत्यांमधील नाती'. माहिती गोळा करण्याची पद्धत: आठ महिने निरीक्षण. संमती: 'आवश्यक नाही, कारण मजकूर सर्वांसाठी खुला आहे.' गोपनीयता: 'सर्व टोपणनावे काढून क्रमांक दिले आहेत.'

परिशिष्टांनी ते कानाचं वाक्य शोधयंत्रात टाकलं. पहिल्याच ओळीत थर्मास निघाली. तिथून तिच्या बाकीच्या नोंदी निघाल्या. हिरव्या फाटकाची शाळा, समोर घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, वार्षिक कार्यक्रमात ऐन गाण्यात गेलेली वीज. त्या शाळेतल्या कुणीही हे वाचलं असतं तर क्रमांक सतराला नावानं हाक मारली असती. जास्तीत जास्त दोन मिनिटांचं काम.

'येथे आपल्याखेरीज कोणी येत नाही.' हे कुणी लिहून दिलं होतं? तिपाईनं. कुठल्या अधिकारात? कसल्याच नाही.

मग त्यांच्या मनात आणखी वाईट विचार आला. हा शिक्का आजवर कितीदा मारला? जुनी पत्रं, रोजनिशा, वसतिगृहांच्या तक्रारवह्या. त्यांतल्या किती कागदांच्या आत माणसं बसली होती? आणि आपण मात्र पानं क्रमानं लागलीत का ते बघत होतो.

फाईल मिटता मिटता त्यांची नजर तिसऱ्या प्रकरणाच्या गोषवाऱ्यावर गेली. 'सदस्य ९: पुरुष, वय सत्तरच्या आसपास, निवृत्त. पत्नीच्या निधनानंतर आलेला एकाकीपणा तो नवागतांच्या स्वागतातून भरून काढतो.' स्वागत करणारा म्हणजे कोण? तिपाई. तिपाई म्हणजे कोण? परिशिष्ट. वय छप्पन, नोकरी चालू, केसांना कलप नाही. आणि पत्नी त्या क्षणी बाजाराच्या रस्त्यावरच्या चष्म्याच्या दुकानात कुणाचा तरी नंबर काढत होती.

संध्याकाळी पत्नी घरी आली, चपला काढल्या आणि नवऱ्याकडे एकदाच बघितलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"अहो, दिवसभर लोकांचे डोळे बघते मी. काय झालं?"

परिशिष्टांनी सांगितलं. फाईल कुणाची, विभाग कुठला, हे गाळून सांगितलं. ऑफिसातली गोष्ट ते घरी नेत नसत, फार तर स्वतःचं तोंड नेत. पण अड्डा सांगितला, तिपाई सांगितली, एकसष्ट भाग सांगितले. सत्तावीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच बाहेर पडत होतं.

"म्हणजे रोज सकाळी चहा घेऊन तुम्ही त्या कॉम्प्युटरसमोर बसता, ते बातम्या नाहीत?"

"नाहीत."

"मला वाटायचं, बातम्या वाचून माणूस इतका हळवा कसा होतो." ती हसली. मग तिनं विचारलं, "आणि त्या संशोधनात तुमच्याबद्दल काय लिहिलंय?"

परिशिष्टांनी घसा साफ केला. "मी विधुर आहे असं लिहिलंय."

"काय?"

"निधन झालंय तुझं."

"कुणी लिहिलं?"

"ते सांगता येत नाही. गोपनीय आहे."

"मी मेले हे छापून येणार, आणि कुणी मारलं ते गोपनीय?" तिनं हातातली पिशवी टेबलावर आपटली. "पुरावा काय म्हणे?"

पुरावा परिशिष्टांना पाठ होता. ती मागे पंधरा दिवस बहिणीकडे गेली होती, तेव्हा तिपाईनं लिहिलं होतं, 'घरात हल्ली फक्त घड्याळाचा आवाज असतो.' आणि दुसरा पुरावा असा की तिपाईच्या लिखाणात बायकोचा उल्लेखच नव्हता.

"किती वर्षांत?"

"बारा."

"एकदाही नाही?"

या प्रश्नाला परिशिष्ट नव्हतं.

"मग लिहिणाऱ्याची तरी काय चूक म्हणा," पत्नी म्हणाली. "तुम्हीच मला काढून टाकलं होतंत. लिहिणाऱ्यानं फक्त तारीख घातली."

ती आत जाऊन पाणी पिऊन आली. मग म्हणाली, "आता काय करणार आहात?"

इथे परिशिष्टांचा आत्मविश्वास परत आला. त्यांच्याकडे योजना तयार होती. "सोपं आहे. अर्ज परत पाठवायचा. समास कमी आहे म्हणून. तो नीट करून आणला की सूची वर्णानुक्रमे नाही म्हणून. मग जोडपत्र. मी मनावर घेतलं तर हा अर्ज तीन वर्षं पहिल्या पानावरून हलत नाही. तिला कळणारही नाही का ते."

"वा," पत्नी म्हणाली. "तिनं तुम्हाला न सांगता आठ महिने वाचलं, म्हणून तुम्ही तिला न सांगता तीन वर्षं फिरवणार."

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. अहो, मी नंबर काढते म्हणजे काय करते? माणसाच्या डोळ्यात बघून नंबर कळत नाही. मशीन अंदाज सांगतं, पण शेवटी विचारावंच लागतं. आता स्पष्ट की मघाशी? हे बरं की ते? तो सांगेल तेव्हा काच बसते. तिनं विचारलं नाही म्हणून मी मेले. आता तुम्ही तिला विचारू नका, म्हणजे तीही मरेल. तुमचा तो फॉर्म आहे ना, संबंध असला तर बाहेर जायचा? ज्याच्यावर कुंडी ठेवलीय?"

"तुला कुंडीचं कसं माहीत?"

"मीच दिली होती ती. भरा तो."

दुसऱ्या दिवशी परिशिष्टांनी कुंडी उचलली. फॉर्मवर तिचं गोल ओलं वर्तुळ उमटलं होतं. त्यांनी खालचा कोरडा घेतला आणि निळ्या पेनानं भरला. 'संबंधाचे स्वरूप' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'अर्जात वर्णिलेला सदस्य ९ मीच आहे.' मग प्राध्यापिकेच्या अर्जावर शिक्का न मारता तो समितीच्या बैठकीत लावला आणि खाली शेरा दिला: 'अर्जदाराने कागदपत्रांवर खूण केली आहे. माझ्या मते ही माणसे आहेत. खात्रीसाठी सदस्य ९ चे कोणतेही वाक्य शोधयंत्रात टाकून पाहावे. माझी संमती आहे. इतरांची वाक्ये कृपया टाकू नयेत, त्यांना विचारलेले नाही.'

हा शेरा लिहिताना आपण आपलं काय काय समितीच्या हवाली करतोय, हे त्यांना पुरतं कळलेलं नव्हतं.

बैठक शुक्रवारी भरली. अध्यक्षबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून घोषणापत्र वाचलं, मग चष्मा खाली घेऊन परत वाचलं.

"हेडक्लार्क, हे तुम्ही आहात?"

"होय बाई."

"तिपाई?"

"होय."

समितीतले बाकीचे सभासद एकाएकी आपापले कागद नीट लावू लागले.

"नियमानुसार आता मला बाहेर जावं लागेल," परिशिष्ट म्हणाले.

"अहो, मग इतिवृत्त कोण लिहिणार?"

"त्याची नियमात तरतूद नाही. ती माझी चूक." आणि कधी नव्हे ते त्यांनी निळं पेन अध्यक्षबाईंपुढे ठेवलं, हिरवं नाही. ताठ मानेनं ते बाहेर पडले.

बाहेर लाकडी बाकावर प्राध्यापिका बसली होती. तिला चर्चेनंतर आत बोलावणार होते. मांडीवर जाड फाईल, आणि त्या फाईलला रंगीत कागदाचे इतके झेंडे लावलेले की एखाद्या जहाजासारखी दिसत होती.

"काका, कागदपत्रांच्या अर्जाला इतका वेळ लागतो?"

"कागदपत्रं असली तर नाही लागत."

तिनं वळून बघितलं. "पण सगळं उघड्यावर आहे हो. लॉगिनसुद्धा लागत नाही."

"बागेत दोन बायका बाकावर बसून बोलतात, तेही उघड्यावरच असतं. तुम्ही त्यांच्या मागच्या बाकावर वही घेऊन आठ महिने बसाल?"

"मी नावं काढलीत सगळी."

"वाक्यं ठेवलीत ना? नावापेक्षा वाक्यावरून माणूस लवकर सापडतो. टाकून बघितलंत कधी?"

तिनं बघितलं नव्हतं. तिचा चेहराच सांगत होता. मग ती म्हणाली, "विचारलं असतं तर ते बिचकले असते काका. लिहायचेच बंद झाले असते. किंवा नाही म्हणाले असते."

"नाही म्हणायला तरी विचारलेलं लागतं."

आतून त्याच क्षणी अध्यक्षबाईंचा आवाज आला, "अरेच्चा, हे तर लगेच सापडलं!" आणि पाठोपाठ कुणीतरी मोठ्यानं वाचू लागलं, "मेकॅनिकने उपरोक्त बटण दाबले..." मग खोलीभर असा हशा पिकला की दारावरची पाटी थरथरली.

परिशिष्टांचे कान लाल झाले. पंचवीस वर्षांत या दाराआड कुणी त्यांना हसलं नव्हतं. पण वाक्य त्यांनी स्वतः दिलं होतं, राजीखुशीनं, लेखी. त्यांनी हाताची घडी घातली आणि हशा ओसरेपर्यंत समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. राजीखुशीनं दिलेलं इतकं टोचतं, तर न विचारता घेतलेलं किती टोचेल, हे त्यांना त्या बाकावर नीटच समजलं.

प्राध्यापिकेनं मात्र कान टवकारले होते. "हे... हे सदस्य नऊचं आहे! काका, माझ्या प्रबंधाचा जीव आहे हा माणूस. अख्खं तिसरं प्रकरण त्याच्यावर आहे. इतका एकटा, आणि तरीही दारात उभा राहून सगळ्यांना या म्हणतो. वाचता वाचता किती वेळा रडलेय मी."

"त्याची बायको कशानं गेली?" परिशिष्टांनी विचारलं.

"ते त्यानं कुठेच लिहिलेलं नाही. फार खोल जखम असणार."

"ती जखम आज सकाळी मला म्हणाली, डबा विसरू नका." आणि त्यांनी बाकाखालून डबा काढून तिच्यासमोर धरला.

प्राध्यापिका डब्याकडे बघत राहिली. मग परिशिष्टांकडे. मग परत डब्याकडे. मांडीवरचं जहाज घसरून खाली पडलं आणि त्याचे झेंडे जमिनीवर पसरले.

"तुम्ही?"

"छप्पन वर्षांचा. निवृत्तीला वेळ आहे. बायको बाजाराच्या रस्त्यावर चष्म्याच्या दुकानात असते. स्वतः जाऊन खात्री करून घ्या, पण जरा सांभाळून. रागावलीय."

"अगं बाई," ती म्हणाली. हे काही समाजशास्त्राच्या भाषेत नव्हतं. "माझं तिसरं प्रकरण गेलं."

"गेलं नाही. एका माणसाला न विचारता लिहिलं होतंत, आता विचारून लिहा. पण ते सोडा. सदस्य सतरा बघा." परिशिष्टांचा आवाज खाली आला. "तिला मी शब्द दिला होता की इथे कुणी येत नाही. तुमचा प्रबंध छापून आला तर तिची शाळा जाईल. मला हसले, मी सहन करीन. तिला हसले तर ती कुठे जाईल?"

प्राध्यापिकेनं खाली वाकून कागद गोळा केले. बराच वेळ केले, कारण वर बघायचं नव्हतं. मग म्हणाली, "मी काही चोरी करायला आले नव्हते हो. ती मालिका मी बाबांबरोबर बघायचे. त्रेचाळिसावा भाग लागला तेव्हा ते दवाखान्यात होते. मला म्हणाले, पुढच्या वेळी काय होतं ते मला येऊन सांग." तिनं दुमडलेला एक झेंडा सरळ केला. "पुढची वेळ आलीच नाही. मालिकेचीही नाही, त्यांचीही नाही. मी आधी तेच शोधायला आले होते तिथे. विषय नंतर झाला."

मग बारा वर्षांत तीनशे वेळा लिहिलेलं, पण तोंडानं कधी न उच्चारलेलं वाक्य परिशिष्टांच्या तोंडून बाहेर पडलं.

"मजला नोंदवून घेतला आहे. आता आत या. मागच्या बाकावरून नको."

दार उघडलं. अध्यक्षबाई उंबऱ्यात उभ्या, हातात निळं पेन, बोटांना शाई. "हेडक्लार्क, निर्णय झालाय. पण तो लिहायचा कसा ते आम्हाला येत नाही."

"काय झालाय?"

"खूण खोडायची आणि माणसांवर करायची. प्रत्येकाला विचारायचं. जो नाही म्हणेल त्याचं एक अक्षरही घ्यायचं नाही. जो हो म्हणेल त्याचंही वाक्य जसंच्या तसं नाही, अर्थ तेवढा आपल्या शब्दांत." मग त्या जरा घुटमळल्या. "आणि ते मेकॅनिकचं पुढे काय होतं? आम्हाला बाविसाव्या प्रकारापर्यंतच वाचून झालं."

"मला चर्चेत भाग घेता येत नाही बाई," परिशिष्ट म्हणाले. पण त्यांचे कान आता वेगळ्या कारणानं लाल झाले होते.

पुढच्या आठवड्यात अड्ड्यावर एक नवीन सदस्य आली. तिनं नाव घेतलं 'मागचा बाक'. पहिल्याच नोंदीत तिनं सगळं लिहिलं: आपण कोण, आठ महिने काय केलं, काय लिहिलं होतं, काय चुकलं, आणि आपला मजला कुठला. शेवटी, ज्यांना आपल्याबद्दल काही लिहून नको असेल त्यांनी नुसतं 'नको' म्हणावं, कारण विचारणार नाही.

अड्ड्यावर दोन दिवस गदारोळ झाला. काही जण चिडले, चौघे सोडून गेले, एकानं तिला अडकलेली लिफ्टच म्हटलं. या अड्ड्यावर ती शिवी की कौतुक, यावर आणखी एक दिवस वाद झाला. मग एकेक होकार यायला लागले, आणि काही 'नको'. तिपाईनंही एक नोंद लिहिली: 'येथे आपल्याखेरीज कोणी येत नाही, असे पूर्वी कळविले होते. ते चुकीचे होते. दार उघडे होते व मला ते ठाऊक होते. क्षमस्व. यापुढे दारावर कुलूप राहील. किल्ली मागणाऱ्याने मजला सांगावा.' मग त्यांनी पुढे लिहिलं, 'अवांतर: माझी पत्नी हयात आहे. ही कल्पना तिचीच.'

थर्मास तिसऱ्या दिवशी बोलली. 'नको,' तिनं लिहिलं. 'माझं वाक्य नको, अर्थही नको. पण विचारलंत म्हणून थांबतेय इथे. नाहीतर मीही गेले असते.'

परिशिष्टांनी ते वाचलं, खुर्चीत मागे रेलले आणि गार झालेला चहा एका दमात प्यायले.

वर्षभरानं प्रबंधाची प्रत समितीच्या कार्यालयात आली. परिशिष्टांनी ती शेवटच्या पानापासून उघडली. परिशिष्ट ब मध्ये सतरा क्रमांकापुढे लिहिलं होतं, 'या व्यक्तीने नकार दिला.' बाकी जागा कोरी. त्या प्रबंधातलं एकूण एक वाक्य त्यांनी संपूर्ण शनिवार घालवून शोधयंत्रात टाकून बघितलं. एकही माणूस सापडला नाही. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तो घरी नेला. फाईल नाही, आनंद.

अर्जावरचा शेवटचा शिक्का त्यांना मारता येत नव्हता, संबंध होता ना. तो अध्यक्षबाईंनी मारला, आणि उलटा मारला. परिशिष्टांनी डोळे मिटून घेतले, पण बोलले नाहीत. अर्जाच्या नव्या नमुन्यात त्यांनी एक ओळ वाढवली आहे: 'कागदपत्रांवर खूण करण्यापूर्वी, आत कोणी आहे का ते पाहावे.'

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाला एक तळटीप आहे. चष्म्याच्या दुकानातल्या बाईंनी ती स्वतः जाऊन, प्राध्यापिकेसमोर बसून, शब्दन् शब्द सांगून लिहून घेतली, आणि ती जशीच्या तशी छापायला लेखी संमती दिली, तीन प्रतींत. 'सदस्य ९ ची पत्नी ठणठणीत असून, हे तिला विचारून लिहिले आहे.'